सहा इंची व्हाइस

"हा नको," निवास म्हणाला.

मगदूमअण्णांनी हत्यारांच्या दुकानात काउंटरवर कौतुकानं मांडलेला तो निळा, चकचकीत व्हाइस होता, बेंचाला बसवून लोखंड जबड्यात आवळून धरायचा. अण्णांना जरा लागलंच.

"का हो? सगळी हाच नेतात."

"नेत असतील. रंग झकास हाय." निवासनं अंगठ्याचं नख जबड्याच्या मागच्या बाजूनं फिरवत नेलं, एका जागी थांबवलं आणि तिथला रंग उचकटला. खालून पांढरी लांबी निघाली. "ओततानाच भोक राहिलंय. लांबी भरून वर रंग मारलाय. चार दिवस हातोडा बसला की हितनंच चीर जाणार."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्यांदा या गिऱ्हाइकाकडे नीट पाहिलं. मग त्यांची नजर खाली आली आणि निवासच्या शर्टाच्या डाव्या बाहीवर थबकली. बाही मनगटापाशी दुमडून तिला पिन लावलेली होती. अशा वेळी लोक काय करतात ते मला गेल्या चौदा महिन्यांत पाठ झालं होतं. आधी बाहीकडे बघायचं, मग झटकन दुसरीकडे, मग माझ्याकडे. अण्णांनीही तेच केलं.

"कुणासाठी घ्यायचाय?" त्यांनी मला विचारलं.

"माझ्यासाठी," निवास म्हणाला. "मला विचारा."

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. निवास खोत आणि मी शिरोलीच्या एका कारखान्यात कामाला होतो. मी पत्रा कापायच्या प्रेसवर आणि तो टूलरूममध्ये. आयटीआय झालेला फिटर. त्याच्यासारखी कानस चालवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मशीनवर काढलेला डाय, म्हणजे प्रेसचा साचा, बसेना की फोरमन म्हणायचे, "खोताकडं द्या," आणि खोत तो व्हाइसमध्ये धरून, दोन-चार हात फिरवून असा बसवून द्यायचा की दोन भागांच्या मधून केस जायचा नाही. मग एका महिन्यात ऑर्डर मोठी आली, प्रेसवर माणसं कमी पडली आणि टूलरूमच्या फिटरनाही प्रेसवर उभं केलं. दुसऱ्या पाळीत, तीनचा भोंगा वाजून दहा मिनिटं झाली नव्हती, तेवढ्यात त्याचा डावा पंजा गेला.

त्यानंतर कंपनीनं त्याला गेटवर बसायचं काम देऊ केलं होतं. तो चार दिवस बसला आणि पाचव्या दिवशी गेलाच नाही. घराशेजारी वैरणीची खोली होती, तिथं वर्कशॉप टाकायचं त्याच्या डोक्यात आलं. फवारणीचे पंप, कुलपं, शिलाई मशीन, शेतकऱ्यांची लहानसहान कामं. "धरायला एक चांगला व्हाइस असला की झालं," तो म्हणाला. "डाव्या हाताचं काम काय असतंय? धरायचंच की." आणि रविवारी दुकान अर्धा दिवस उघडं असतं म्हणून आम्ही त्याच्या गावातून, नागावातून एसटी धरून शहरात लक्ष्मीपुरीत आलो होतो.

अण्णांनी दुसरा व्हाइस काढला. तळाशी फिरणारा होता. कडी सैल करून त्यांनी तो गरागरा फिरवून दाखवला.

"चारी बाजूला वळतंय. एका हाताच्या माणसाला हेच सोयीचं, बघा."

"जे फिरतंय ते हलतंय," निवास म्हणाला. त्यानं पुढचा जबडा मुठीत धरून वरखाली हिसडला. आत कुठंतरी खडखड झाली. "ऐकलासा?"

अण्णा हसले. आता त्यांना राग नव्हता. त्यांनी पोत्यांच्या ढिगाकडे बोट केलं. "मग त्या कोपऱ्यात बघा. एका बंद पडलेल्या वर्कशॉपातनं आलाय. जुना हाय. वजनानं कोण नेत न्हाई."

निवासनं पायानं पोती सरकवली. खाली एक काळा, बिनरंगाचा, सहा इंची व्हाइस होता. तो त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग खिशातून लहान पाना काढून त्यानं जबड्यावर ठोकलं. टण्ण असा स्वच्छ आवाज आला. दांड्यावर तळवा ठेवून त्यानं एक झोका दिला, तसा दांडा आपल्या वजनानं दोन फेरे फिरून थांबला.

"आटे झिजलेले न्हाईत," तो मला म्हणाला. आवाजात काहीतरी नवं होतं. "तिकिटं काढ."

मी एसटीची तिकिटं काढून दिली. ही त्याची जुनी तऱ्हा होती. जबड्याच्या दोन्ही टोकांना कागद धरायचा, आवळायचं आणि ओढून बघायचं. दोन्हीकडचा कागद सारखाच अडकला तर जबडे एकमेकांना नीट बसतात.

त्यानं एक तिकीट जबड्यांत धरलं. मग आवळायला तोच हात दांड्याकडे नेला. तिकीट खाली पडलं. त्यानं ते उचललं, पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. मी आपोआप वाकलो आणि तिकीट धरलं.

"तू नको धरूस."

"अरे, आत्तापुरतं..."

"घरात तू असणारेस काय रोज?"

मी हात मागं घेतला. अण्णा पलीकडे तोंड करून खिळ्यांचे डबे लावायला लागले.  मग निवासनं तिकीट जिभेवर ओलं केलं, मागच्या जबड्याला चिकटवलं, दुसरं दुसऱ्या टोकाला चिकटवलं आणि दांडा फिरवला. आवळल्यावर एकेक ओढून पाहिलं. एक फाटलं, दुसरंही फाटलं, पण सुटलं कुठलंच नाही.

तो माझ्याकडे बघून हसला. अपघातानंतर मी त्याला असं हसताना पहिल्यांदा पाहत होतो.

"जमतंय की, जयसिंग," तो म्हणाला.

अण्णांनी व्हाइस पुसून पोत्यात घातला. तोंड बांधता बांधता ते म्हणाले, "धरायचं काम हा बिनबोभाट करंल, पाव्हणं. पण कानस..." आणि तिथंच थांबले.

कानशीला दोन हात लागतात. एक मुठीवर, ढकलायला. दुसरा टोकावर, दाबून सपाट ठेवायला. टोकावर हात नसला तर कानस डोलते आणि लोखंड मधे सपाट न राहता दोन्ही कडांना उतरतं. हे आयटीआयच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. अण्णांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि निवासइतकं चांगलं तर कुणालाच माहीत नव्हतं.

"कानस बी द्या की," निवास म्हणाला. "चौदा इंची. आणि एक बारीक."

व्हाइसचं पोतं एका माणसाला उचलवणारं नव्हतं. एक कान त्यानं धरला, एक मी, आणि रिक्षापर्यंत आम्ही ते असं नेलं. वाटेत मी दोनदा म्हणालो, थांबूया का. तो थांबला नाही.

वैरणीच्या खोलीत त्यानं बाभळीच्या जाड फळीचं बेंच आधीच करून घेतलं होतं. त्याच दिवशी आम्ही भोकं पाडली आणि चार बोल्टांनी व्हाइस बसवला. नट आवळायचे त्यानं मला दिले नाहीत. निवासच्या बायकोनं, मालनवहिनींनी हळदकुंकू वाहिलं. नारळ निवासनं स्वतः फोडला, एका दणक्यात. पाणी माझ्या शर्टावर उडालं. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. मला आठवतं, त्या म्हणाल्या, "आता आमच्या घरात बी भोंगा वाजवायचा काय ओ भाऊजी, सात वाजता?"

"वाजवू की," मी म्हणालो.

पहिले दीड-दोन महिने बरे गेले. लोक पंप घेऊन यायचे. जबड्याखाली त्यानं एक लाकडी ठोकळा बसवला होता. वस्तू त्यावर टेकवायची आणि आवळायची, मग ती पडत नसे. नळी बदलायची, वायसर घालायचं, पिस्टनला तेल द्यायचं, ही कामं तो करायचा. मी दर रविवारी जायचो. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की तेच तेच लोक परत येत नाहीत. एकदा येतात, विचारपूस करतात, काम झालं की हात जोडून जातात. पुढचा पंप ते शेजारच्या टोप गावातल्या दुकानात नेतात. त्यांना पंप दुरुस्त करून घ्यायचा नव्हता. त्यांना एकदा येऊन जायचं होतं.

निवासला ते माझ्याआधी कळलं असणार. कारण मार्गशीर्षाच्या सुमाराला मी गेलो तर खोलीत एकही पंप नव्हता. तो कानस घेऊन उभा होता.

त्यानं गावातल्या चांभाराकडून चामड्याचा एक पट्टा करून घेतला होता. डाव्या हाताच्या उरलेल्या भागावर तो बांधायचा आणि कानशीचं टोक पट्ट्यात अडकवायचं, म्हणजे वरून दाबता येईल. व्हाइसमध्ये लोखंडाचा एक तुकडा होता, काड्यापेटीएवढा.

"काय करायलायस?"

"चौकोन."

आयटीआयला पोराला पहिलं काम देतात ते हेच. ओबडधोबड तुकडा घ्यायचा आणि नुसत्या कानशीनं सहाही बाजू सपाट, काटकोनात करायच्या. निवासनं अठराव्या वर्षी केलेला चौकोन त्यांच्या मास्तरांनी कपाटात ठेवला होता, असं तो सांगायचा.

त्यानं तुकडा सोडवला, त्याला काटकोन बघायचा गुण्या लावला आणि दाराकडे धरला. गुण्या आणि लोखंडाच्या मधून उजेड दिसत होता. दोन्ही कडांना जास्त, मधे कमी.

"थोडंच हाय," मी म्हणालो.

"थोडं असतंय तेच राहतंय," तो म्हणाला आणि तुकडा पुन्हा व्हाइसमध्ये आवळला.

त्यानंतर प्रत्येक रविवारी तेच. तुकडे झिजून झिजून पातळ व्हायचे, तो बाजूला टाकायचा, नवीन घ्यायचा. बेंचाखाली तसले तुकडे साठले होते. सगळ्यांच्या बाजू फुगलेल्या. आम्ही बोलायचो तेही कमी झालं होतं. मी खोलीच्या उंबऱ्यावर बसायचो, तो कानस चालवायचा. एकदा निघताना मालनवहिनी मला गोठ्याच्या कडेला गाठून म्हणाल्या, "पट्टा सोडला की रक्त असतंय, भाऊजी. धुवायला गेले तर अंगावर येतात. आदी कवा आवाज चढवला न्हवता त्यांनी." आणि त्या रडल्या नाहीत, नुसत्या हातातली दोरी गुंडाळत राहिल्या.

चैत्रातला रविवार होता. ऊन पत्र्यावर आदळत होतं आणि खोलीत भट्टीसारखं झालं होतं. मी गेलो तेव्हा निवास घामानं निथळत होता. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. कानस जायची, यायची. मुठीकडून दाब पडला की टोक उचलायचं, पट्टा घसरायचा, तो दातानं पट्टा ओढून घट्ट करायचा, पुन्हा सुरू. पट्ट्याची आतली कड ओली, काळपट झाली होती.

"निवास, बस जरा."

"होत आलंय."

त्यानं तुकडा काढला, गुण्या लावला, दाराकडे धरला. मी बघितलं नाही. त्याचं तोंड बघूनच कळलं. त्यानं तो तुकडा फेकला नाही, आदळला नाही. नीट बेंचावर ठेवला आणि पहिल्यांदाच स्टुलावर बसला.

"एक कोपर," तो म्हणाला. "एवढंसं कोपर लागलं, जयसिंग. आणि काय झालं."

ती त्याची समजूत होती. त्या प्रेसला दोन बटणं होती, डावं आणि उजवं. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा भाग खाली यायचा. दोन्ही हात बटणांवर असतील तर एकही हात आत असणार नाही, अशी ती सोय. निवास डाव्या हातानं पत्रा सरळ करत होता आणि सवयीनं उजवा हात उजव्या बटणावर होता. डावं बटण दाबलं गेल्याशिवाय प्रेस येणारच नव्हता. पण आला. नंतर मशीन तपासलं तर दोन्ही बटणं ठीक होती. तेव्हा चौकशीत निघालं की वाकताना निवासचं कोपर डाव्या बटणाला लागलं असणार. कामगाराची नजरचूक. निवासला नीट काही आठवत नव्हतं, त्यानं ते मान्य केलं. मान्यच नाही केलं, मनात धरून ठेवलं.

"मी फिटर माणूस," तो म्हणत होता. "मशीनसमोर कसं उभं राहायचं ते पोरांना शिकवायचो. आणि माझंच कोपर. म्हणून मग हे दुखतंय ते दुखू दे म्हणतो. माझ्याच हातानं केलंय, मीच निस्तरायचं." त्यानं पट्टा सोडायला सुरुवात केली. चामडं कातडीला चिकटलं होतं. ते सुटताना त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही, नुसते डोळे मिटले.

मला ते बघवलं नाही. म्हणून मी बोललो. सव्वीस वर्षं मी स्वतःला विचारत आलोय की त्याच्यासाठी बोललो की माझ्यासाठी. त्या वेळी मला वाटलं, त्याच्यासाठी.

"कोपर लागलं नव्हतं," मी म्हणालो.

त्यानं डोळे उघडले.

"तुझ्या आदीच्या पाळीत त्या प्रेसवर मी होतो."

"ठावं हाय की."

"डाव्या बटणात मी पाचर मारली होती. लाकडाची. बटण दाबलेलंच राहावं म्हणून. मग एका हातानं चालवता येतंय, दुसऱ्या हातानं पत्रा सारता येतोय. नग जास्त निघतात. सगळीच करायची."

"मी करत न्हवतो."

"तू करत न्हवतास."

बाहेर कोंबड्या उकरत होत्या. मी पुढचं एका दमात सांगून टाकलं. भोंगा झाला, कंपनीची बस सुटायची होती, मी धावलो. पाचर काढायची राहिली. वाटेत आठवली होती. आठवल्यावर मी बसमधून उतरलो नाही, म्हटलं, निवास बघंल. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेलो तेव्हा सगळं कळलं. मशीनभोवती पाणी मारलेलं होतं. माझी पाचर हिसक्यानं निसटून मशीनखालच्या कातरणात पडली होती. ती मी उचलून खिशात घातली. अकरा वाजता साहेबांनी विचारलं, "तुमच्या पाळीत मशीन ठीक होतं?" मी म्हणालो, "ठीक होतं." त्यांनी लिहून घेतलं आणि मी सही केली.

बोलून झाल्यावर मी वाट बघत राहिलो. तो उठेल, माझी गचांडी धरेल, हातोडा उचलेल. खरं सांगायचं तर तसं व्हावं म्हणूनच मी आलो होतो, कितीतरी रविवार.

निवास बसूनच होता. त्यानं विचारलं, "पाचर कुठाय?"

"नदीत टाकली."

"बरं केलंस."

"निवास..."

"मला का सांगितलंस?" त्याचा आवाज चढलेला नव्हता. खरंच कळत नसल्यासारखा तो विचारत होता. "माझी चूक हाय म्हणून मी रोज उठून हितं उभा राहत होतो. आपण बिघडवलंय, आपण नीट करायचं. रक्त आलं तर म्हणायचो, येऊ दे, फिटतंय थोडं थोडं." त्यानं बेंचावरच्या तुकड्याकडे बघितलं. "आता हे मी कशासाठी करू?"



"माझं काहीच चुकलं न्हवतं," तो म्हणाला. हे तो मला सांगत नव्हता. त्यानं ते पुन्हा एकदा म्हटलं आणि दुसऱ्या वेळी त्याचा चेहरा असा झाला की मी खाली बघितलं. निर्दोष ठरलेल्या माणसाचा चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं होतं तो वेगळा दिसत असेल.

मालनवहिनी ताक घेऊन आल्या. दोन तांबे होते. "बसलासा व्हय गप्प?" त्या म्हणाल्या. "कानस थांबली म्हणून आले बघायला."

"त्याला जायचंय," निवास म्हणाला.

"ताक तरी..."

"जायचंय त्याला."

मी उठलो. वहिनींनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. मी चपला घातल्या आणि रस्त्याला लागलो. त्यांच्या हातात ते दोन्ही तांबे तसेच होते.

मी कंपनीतून बोलावणं यायची वाट पाहिली. एक आठवडा, दोन आठवडे, एक महिना. कुणी आलं नाही. निवासनं कुणालाच सांगितलं नव्हतं. कंपनीला नाही, गावात नाही, घरातही नाही. मी त्याच प्रेसवर पुढं काम करत राहिलो. रविवारी नागावला जाणं थांबवलं. लोकांकडून कानावर यायचं. खोत खोलीत जात नाही आता. खोत अंगणात बसून असतो. पंप दुरुस्तीला घेऊन आलेला एक माणूस तासभर उभा राहिला, खोत त्याच्याकडं बघून बोलला नाही. दिवाळीच्या आधी त्यांनी घराला कुलूप लावलं आणि नेसरीला, वहिनींच्या माहेरी गेले. वहिनींचे भाऊ शेती करत होते, तिथं एक खोली मिळाली.

त्यानंतर तीनेक वर्षांनी मी एका लग्नाला गडहिंग्लजला गेलो होतो. परतताना एसटी स्टँडवर उभा होतो, तर मागून कुणीतरी हाक मारली.

"भाऊजी?"

मालनवहिनी होत्या. वाळल्या होत्या. हातात औषधांची पिशवी होती. मला बघून त्यांना एवढा आनंद झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"कसा हाय तो?" मी विचारलं.

"हाय. दिलं तर खातात. उठवलं तर उठतात." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "डॉक्टर म्हणतात, आजार काय न्हाई. बोलत का न्हाईत ते त्यांनाबी कळंना. माझ्यासंग महिन्यात दोन शब्द. भावाच्या पोरांसंग तेवढंबी न्हाई."

मी मान हलवली.

"तुमचं काय वाकडं आलं काय, भाऊजी, तवा? मी लई इचारलं त्यांना. म्हटलं, जयसिंगभाऊजी का येईनात? तर म्हणाले, त्यो बिचारा काय करणार."

"असं म्हणाला?"

"एवढंच म्हणाले. मग गप्प." त्या जरा पुढं आल्या. "वाकडं असंल तर ऱ्हाऊ दे की आता. दवाखान्यात त्यांच्या उशाला कोण बसलं? तुम्हीच की. दुकानात संगं कोण गेलं? तुम्हीच. त्यांना तुमच्याबिगर कोण न्हाई. तुम्ही आलासा तर बोलतील. एकदा या."

गाड्यांचा गलका चालला होता. मी म्हणालो, येईन कधीतरी. पण "कधीतरी" त्यांना पुरत नव्हतं.

"ह्या रविवारी या. हितनं साडेनऊला गाडी हाय. फाट्यावर उतरा, तिथनं चालत पाच मिंटं. कुणालाबी माझ्या भावाचं नाव सांगा. मी भाकरी करून ठेवते, जेवूनच जायाचं. त्यांना आजच सांगते, म्हणजे चार दिवस तेवढीच वाट बघायला काय तरी हुईल. सांगू न्हवं?"

त्यांच्या तोंडाकडे बघून मला नाही म्हणता आलं नाही.

"सांगा," मी म्हणालो.

"याल न्हवं नक्की?"

"येतो."

त्यांची गाडी लागली. खिडकीतून त्यांनी पुन्हा एकदा बोटांनी दाखवलं, साडेनऊ. मी हात वर केला.

त्या रविवारी मी सकाळी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि घरात बसून राहिलो. साडेनऊ झाले, साडेदहा झाले. बायकोनं विचारलं, कुठं जायचंय का. मी म्हणालो, कुठं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही मी गेलो नाही, आणि त्यानंतर पाच वर्षांनी निवास गेल्याचा निरोप आला तेव्हाही नाही.